सोबतीला भासरे

आमच्या गावात दारुडा कोणाला म्हणायचं हे ठरलेलं होतं. जो रस्त्यात पडतो, शिव्या देतो, सोयऱ्यांसमोर रडतो, तो दारुडा. जो पाय धुऊन घरच्या ओट्यावर पाट टाकून बसतो, बाजूला कांदा आणि भाजलेले चणे ठेवून रोज संध्याकाळी मोहाची घेतो आणि जेवून गुपचूप झोपतो, तो नुसता ‘घेणारा’. घेणाऱ्याला गावात मान होता. दारुड्यांची भांडणं सोडवायला घेणारेच बसायचे.

या न्यायानं माझा नवरा दारुडा होता आणि माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, घेणारे होते. भासरे नवऱ्याच्या दुप्पट प्यायचे. पण ते कधी पडले नाहीत, म्हणून कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. मीही नाही. त्यांचे चणे तर मीच भाजायची.

नवरा लाईनमन होता. ऐंशीच्या पुढची वर्षं, कुरखेड्याच्या आमच्या बाजूला वीज नवी होती आणि तिचा लहरी स्वभाव सगळ्यांना पाठ झाला होता. लाईन गेली की लोक चिमणी पेटवायच्या आधी माझ्या नवऱ्याच्या नावानं हाक मारायचे. तो यायचा, हसत, झुलत, आणि खांबावर चढायचा. एका हिवाळ्यात तो पिऊन चढला आणि वरून सुटला तो थेट खाली रचलेल्या तणशीवर, धानाच्या पेंढ्यावर. उठला, कपड्यांना चिकटलेली तणीस झटकली आणि जमलेल्या लोकांना वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. मला मात्र हसू आलं नाही. धान झोडपून झालं होतं म्हणून खाली तणीस होती. पावसाळ्यात खांबाखाली नुसते दगड असतात.

त्या दिवसापासून मी औषध शोधायला लागले. पहिलं औषध जत्रेतल्या एका बाबानं दिलं. पांढरी पूड, पिणाऱ्याला न सांगता भाजीत घालायची. मी इमानेइतबारे वांग्याच्या भाजीत घातली. नवरा त्या दिवशी बाहेरच पिऊन, बाहेरच खाऊन आला. सासूबाईंना काय माहीत! त्यांनी ती भाजी सगळ्या घराला वाढली. दोन दिवस आमच्या घरातलं एकेक माणूस लोटा घेऊन वावराकडे धावत होतं आणि माझा नवरा ओट्यावर बसून प्रत्येकाला ‘काऊन जी, काय खाल्लं?’ असं विचारत होता. सासूबाईंनी त्यानंतर आठवडाभर वांगं शिवलं नाही.

शेवटी आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं, की चांद्याच्या बाजूला एका दवाखान्यात दारू सोडवायचा वॉर्ड निघाला आहे, भरती करून घेतात. अट एकच, पेशंटसोबत घरचं माणूस राहिलं पाहिजे. मी म्हटलं, मी राहते. सासूबाई म्हणाल्या, ‘बाईमाणसानं परगावी एकटीनं? घरचा मोठा माणूस संग पाह्यजे.’ घरचा मोठा माणूस म्हणजे भासरे. दारू सोडवायला निघालेल्या माणसाच्या सोबतीला भासरे निघाले, आणि यात काही चुकतं आहे असं साऱ्या गावात एकालाही वाटलं नाही. उलट बायका मला म्हणाल्या, नशीबवान आहेस, असा भासरा कोणाला मिळते!

आता भासऱ्याची गोष्ट अशी, की आमच्याकडे भावसुनेनं, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोनं, भासऱ्याशी बोलायचं नसतं. तोंडावर पदर, समोर उभं राहायचं नाही, त्यांच्या बाजेवर बसायचं नाही, आणि शब्द तर नाहीच. मी तशी तोंडाची फटकळ. विहिरीवर माझ्याशी भांडायला बाया दोघी-दोघी मिळून यायच्या. पण लग्न होऊन आल्यापासून भासऱ्यांशी मी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचंच असलं तर गोठ्याकडे तोंड करून म्हणायचं, ‘गाये, जेवन झालं म्हणा त्याईले.’ भासरे तिकडून गायीलाच म्हणायचे, ‘येतो म्हणा.’ गाय बिचारी दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायची. या पद्धतीनं आमचं घर उत्तम चाललं होतं.

वडशाहून छोट्या लाईनच्या गाडीत बसलो तेव्हा गाय नव्हती. मग निरोप नवऱ्यातर्फे सुरू झाले. आणि माझा नवरा म्हणजे एक नंबरचा मस्करीबाज. मी म्हणायची, ‘त्याईले म्हणा, भाकर खाऊन घ्या.’ नवरा तिकडे वळून सांगायचा, ‘दादा, हे म्हणते, तुमी आता म्हातारे दिसून राह्यले.’ भासरे गंभीरपणे म्हणायचे, ‘वय झालं म्हणा.’ नवरा इकडे वळायचा. ‘दादा म्हणते, भाकर कच्ची आहे.’ समोरच्या बाकावरची माणसं हसून लोळायला आली. मलाही पदराआड हसू फुटलं. हीच तर माझ्या संसाराची अडचण होती. त्या माणसावर रागावून बसायला मला कधी पुरता वेळच मिळाला नाही.

दवाखान्याच्या फाटकावर चौकीदारानं पिशव्या तपासल्या. नवऱ्याच्या पिशवीत काही सापडलं नाही. भासऱ्यांच्या हातात पितळेचा फिरकीचा तांब्या होता. चौकीदारानं झाकण फिरवलं, हुंगलं आणि सगळं कडुनिंबाच्या बुडाशी ओतून दिलं. ‘पेशंट हे आहेत का?’ त्यानं विचारलं. भासरे ताठ उभे राहून म्हणाले, ‘नाई. मी सोबतीचा.’ पण नजर त्यांची त्या ओल्या मातीवर होती.

डॉक्टर पुण्याकडचे होते, तरुण, स्वच्छ, घाईघाईनं बोलणारे. त्यांनी नवऱ्याला खाटेवर घेतलं, सलाईन लावलं, झोपेची औषधं दिली. नवरा झोपला. भासरे खाटेशेजारी स्टुलावर बसले आणि मी दारापाशी, भिंतीकडे तोंड करून. पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी भासऱ्यांचे हात थरथरू लागले. चहाची बशी तोंडाला लागेना. मी ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, पण पाहिलं असं म्हणण्याची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी भासरे स्टुलावरून उठले, धोतराचा काचा मारला आणि रिकाम्या लोखंडी खाटेचा दांडा धरून ओरडले, ‘हर्र! हर्र! चल नं गा, चिखल सुकून राह्यला!’

चैत्राचं ऊन तापलेलं, आणि रोवणीआधी पावसाळ्यात धानाच्या बांधीत करतात ती चिखलणी भासरे वॉर्डात करत होते. खाट फरशीवर करकरत पुढे सरकत होती. पेशंट पाय वर घेऊन बसले. सिस्टर धावत आली तर भासरे तिला म्हणाले, ‘बाजूला हो बाई, बैल मारका आहे.’ दोन वॉर्डबॉय धरायला गेले, त्यांना त्यांनी ढकलून दिलं. वावरात राबलेला माणूस तो, दोघांना काय ऐकतो! त्यांच्या तोंडावर घाम होता, डोळे तांबडे झाले होते, आणि त्या डोळ्यांत भीती होती. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा पाहिला तो असा.

नवऱ्याला हलवलं, तो गोळ्यांनी गाढ झोपलेला. सिस्टर मला म्हणाली, ‘तुम्ही घरच्या ना? बोला त्यांच्याशी, ओळखीचा आवाज ऐकू द्या.’ मी म्हटलं, मला त्यांच्याशी बोलता येत नाही. ती म्हणाली, ‘म्हणजे? मुक्या आहात का?’ आता या बाईला काय समजावणार! तेवढ्यात भासरे खाटेला धडकून पडता पडता वाचले, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. भासऱ्यांशी बोलायची मनाई होती, त्यांच्या बैलांशी बोलायला कोणाची मनाई होती?

मी पदर सारखा केला, खाटेच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि जिथे बैलांची तोंडं असायला हवीत तिथे पाहून खणखणीत आवाजात म्हणाले, ‘हो, हो! थांबा रे बैलहो! दिवस डुबला. बांधी झाली चिखलून. चला आता घरी, कोंडा ठेवला गव्हाणीत.’

भासरे थांबले. बैलांकडे पाहिलं. मग त्या बैलांनाच म्हणाले, ‘घरचे बोलावून राह्यले गा. चला.’ आणि त्यांनी खाटेचा दांडा सोडला, जू उतरवल्यासारखे हात केले आणि खाली बसून ढसाढसा रडले. सिस्टरनं त्या वेळात सुई टोचली. रात्रीपर्यंत भासऱ्यांना सलाईन लागलं होतं, आणि कागदावर सोबतीचा माणूस पेशंट झाला होता.

डॉक्टर मला म्हणाले, ‘अहो, हे तर तुमच्या मिस्टरांपेक्षा जास्त पीत असणार. तुम्हाला कल्पना नव्हती?’ मी म्हटलं, ‘ते घेतात जी, पीत नाहीत.’ डॉक्टरांनी तेही कागदावर लिहून घेतलं. नियमाप्रमाणे त्यांना भासऱ्यांसाठी घरचं आणखी एक माणूस हवं होतं. मी म्हटलं, गावाकडून कोणीही पुरुष बोलावला तरी पुढच्या तीन दिवसांत तोही तुमच्या खाटेवर येईल, एवढ्या खाटा आहेत का तुमच्याकडे? त्यांनी मग तो विषय सोडला. दोघांची सोबत माझ्यावर आली.

शरीर धुऊन निघालं की त्या दवाखान्यात मनाचा नंबर यायचा. सगळ्यांना गोल बसवायचे आणि घरच्यांनी पेशंटच्या डोळ्यांत पाहून सांगायचं, तुझ्या पिण्यानं माझं काय झालं. डॉक्टरांनी थोरल्यापासून सुरुवात केली. ‘बोला ताई, यांच्याकडे बघून बोला.’ मी खुर्ची फिरवली आणि भासऱ्यांकडे पाठ केली. डॉक्टर म्हणाले, असं चालणार नाही. मी म्हटलं, असंच चालते. मस्करीबाज नवरा म्हणाला, ‘साहेब, गाय मागवा एक.’ सगळे हसले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, ‘बरं, कोणाकडेही बघा, पण खरं बोला.’

समोर सलाईनचा स्टँड होता. मी त्याला म्हणाले, ‘स्टँडा, त्याईले सांग.’ लोक पुन्हा हसले. पण एकदा तोंड उघडल्यावर जे येत गेलं ते मलाही माहीत नव्हतं.

‘सांग त्याईले, मी रोज चणे भाजते ते हातानं नाई, रागानं भाजते. घरातला मोठा माणूस पाय धुऊन पिते, म्हणून लहान्याले वाटते हे देवाचं काम आहे. लग्नाच्या दिवशी त्याईनंच भावाले पहिला गिलास देल्ला, मी पदराआडून पाह्यलं. सांग त्याईले, गावाची लाईन गेली का बाया चिमणी शोधते, अन् मी खांब शोधते. कोणत्या खांबावर माहा माणूस आहे अन् खाली काय आहे, ते पाह्यते. रोज पाह्यते. मले तो जित्ता पाह्यजे. हसला नाई तरी चालंल, पगार नाई आणला तरी चालंल, खाली उतरून घरी आला पाह्यजे. अन् त्याले उतरवू शकंल असं गावात एकच माणूस होतं, अन् ते ओट्यावर बसून पिऊन राह्यलं होतं.’

आता कोणी हसत नव्हतं. मागून भासऱ्यांचा आवाज आला, घोगरा. ते स्टँडलाच म्हणाले, ‘आयकलं म्हणा.’

मग नवऱ्याची पाळी आली. त्याच्याशी बोलायला मला मनाई नव्हती, डोळ्यांत पाहायला तर मुळीच नव्हती. मी तोंड उघडलं, आणि तो म्हणाला, ‘थांब, थांब. फ्यूज काढू दे, नाई तर शॉक लागंल मले.’ सगळा गोल खदखदून हसला, डॉक्टरही हसले, आणि काय सांगू, मीही हसले. वेळ संपली. डॉक्टरांनी लिहून ठेवलं की हा पेशंट खेळकर आहे, सुधारेल.

आम्ही तिघं गावी परतलो तेव्हा सगळं गाव पाहायला आलं. नवऱ्याला नव्हे, भासऱ्यांना. सोबतीला गेलेल्या माणसाची दारू सुटली, हे आक्रितच होतं. त्याचा परिणाम असा झाला, की त्या वर्षी आमच्या गावचा एकही पुरुष कोणाच्या सोबतीला दवाखान्यात जायला तयार होईना. शेजारच्या म्हातारीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, तर तिचा धडधाकट लेक हात जोडून म्हणाला, ‘मले नोका पाठवू जी, तिथी हवेनंच सुटते म्हणते.’ म्हातारीला शेवटी मी घेऊन गेले. भासरे मात्र शांत. संध्याकाळी पाय धुऊन, पाट टाकून तसेच बसायचे, आणि समोर नुसता चहा. गावातल्या न्यायनिवाड्याला त्यांना बोलावणं बंद झालं. न पिणाऱ्या माणसासमोर मोकळं बोलता येत नाही, असं पंचांचं म्हणणं पडलं.

नवऱ्यानं पावसाळा कोरडा काढला. धान निसवलं, दिवाळी आली. मग मंडईचा दिवस उजाडला. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, सोयरेधायरे येतात, दुकानं लागतात, नाटक येतं. ऐन दुपारी गावाची लाईन गेली आणि माझे डोळे सवयीनं खांबांवर गेले. मंडईच्या मैदानातल्या खांबाच्या टोकावर माझा नवरा बसला होता. पट्टा न बांधता, एका हातानं खांब धरून, दुसऱ्या हातानं खालच्या लोकांना सलाम करत. दारू आठ कोसांवरूनही ओळखू येते मला. सोयऱ्यांपैकी कोणीतरी पाजली होती. लाईन त्यानं स्वतः बंद केली होती की कुरखेड्याहूनच गेली होती, हे कोणालाच माहीत नव्हतं. कुरखेड्याहून गेली असेल तर कोणत्याही क्षणी परत येणार होती.

मी धावले. खाली सगळी मंडई जमली होती आणि हसत होती. वरून तो एकेक सोयऱ्याची नक्कल करत होता, लोक फर्माईश करत होते. खाली तणीस नव्हती. भांड्यांचं दुकान लागलं होतं. भासरे माझ्याआधी पोचले होते आणि खांबाला धरून वर ओरडत होते, ‘उतर गा! मोठा भाऊ सांगून राह्यला, उतर!’ वरून उत्तर आलं, ‘दादा, बैल आणा, बैलाईवर बसून उतरतो.’ लोक पोट धरून हसले.

भासरे वळले. मी पदर ओढून बायकांच्या मागे उभी होते. ते गर्दीतून सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले, एवढ्या जवळ की बायका दचकून बाजूला झाल्या, आणि माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाले, ‘बाई, थे सगळं मले काऊन बोलली? थे त्याचं होतं. बोल त्याले.’

हसणं थांबलं. खांबावरचा माणूस पडला असता तरी गाव एवढं हादरलं नसतं. भासरा भावसुनेशी बोलला होता, भर मंडईत, तोंडावर. बायकांनी तोंडात पदर धरले. त्या शांततेत मी पुढे गेले, डोक्यावरचा पदर खाली घेतला, म्हणजे वरून माझं तोंड दिसेल, आणि ओरडले. दवाखान्यात जे बोलले होते तेच सगळं. चणे, गिलास, खांब, सगळं. शेवटी म्हणाले, ‘मले तुमी जित्ते पाह्यजे जी. मले लय भेव वाटते.’

वर तो काहीतरी म्हणायला गेला. तोंड उघडलं, लोकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग दोन्ही हातांनी खांब धरला आणि उतरू लागला. हळूहळू, पाय चाचपत, म्हाताऱ्यासारखा. भासऱ्यांनी खालून त्याचे पाय धरून आडव्या पट्टीवर ठेवले. तो जमिनीवर आला, त्यानंतर थोड्याच वेळात लाईन आली आणि नाटकाच्या मंडपातला भोंगा एकदम गायला लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. पुढेही नवरा घसरला, एकदा नव्हे. पण प्रत्येक वेळी आधी घरी येऊन सांगायचा, आणि पिऊन खांबावर तो पुन्हा चढला नाही. आज सत्तरी ओलांडून ओट्यावर चहा पीत बसतो.

त्या मंडईच्या संध्याकाळी मात्र घरात पाहुण्यांची गडबड होती आणि नवरा आणि मी मागच्या अंगणात बसलो होतो. तो म्हणाला, ‘तुले एवढं भेव वाटे, तं एवढे वर्स सांगितलं काऊन नाई वो?’

मी म्हटलं, ‘तुमी हसवून राह्यले होते जी.’